दहाव्या कलमातली पहिली ओळ

(तालुक्याच्या गावी भरलेल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



सकाळच्या सत्रात आपण घरातल्या मारहाणीबद्दल, पोटगीच्या केसेसबद्दल बोललो. त्यानंतर फळ्यावर 'करिअर मार्गदर्शन, सरकारी धोरण आणि आंतरराष्ट्रीय सहकार्य' असं लांबलचक नाव वाचून काहीजणी एकमेकींकडे बघून हसल्या. ते मी पाहिलं. हसण्यासारखंच आहे ते. जिला आज रात्री कुठे पाठ टेकायची हे माहीत नाही, तिच्यापुढे 'करिअर' हा शब्द उच्चारायचा म्हणजे चेष्टाच वाटते. हा शब्द शहरातल्या, इंग्रजी शाळेतल्या, दोन्ही पालक नोकरीत असलेल्या मुलांचा, असं आपल्या मनात पक्कं बसलेलं आहे.

पण जरा आठवून बघा. नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई सल्ला केंद्रावर येते. पहिल्या खेपेला रडते, दुसऱ्या खेपेला वकिलाचं विचारते. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मात्र एकच प्रश्न असतो, "ताई, मी आता काम काय करू?" या प्रश्नाला तालुक्या-तालुक्यात मिळणारं उत्तर जवळजवळ ठरलेलं आहे. शिवणयंत्र, पापड-लोणची, अंगणवाडीत मदतनीस म्हणून जागा निघाली तर बघ, आणि अलीकडे ब्यूटी पार्लरचा तीन महिन्यांचा कोर्स. याला व्यवसाय मार्गदर्शन म्हणतात. तसं नाव आपण त्याला देत नाही, एवढंच. तेव्हा हा विषय तिचाच आहे, आणि तिच्या बाजूने या विषयावर जगभरात काय लिहून ठेवलं आहे, आपल्या सरकारने कशाकशाखाली सही केली आहे, ते आज मला सांगायचं आहे.

सुरुवात आपल्या ओळखीच्या कागदापासून करू. स्त्रियांविरुद्धच्या सर्व प्रकारच्या भेदभावाचं निर्मूलन करण्यासाठीचा करार, ज्याला आपण 'सीडॉ' म्हणतो, तो संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १८ डिसेंबर १९७९ रोजी मंजूर केला. भारताने १९८०मध्ये त्यावर सही केली आणि ९ जुलै १९९३ रोजी त्याला रीतसर मान्यता दिली. मान्यता देताना भारताने काही कलमांबाबत हात राखून ठेवला. लग्न आणि कुटुंबाचं सोळावं कलम, रूढी-परंपरांचं पाचवं. त्यावर आपण मोर्चे काढले, अजून बोलतो. दहाव्या कलमाबाबत मात्र काहीही राखून ठेवलेलं नाही. ते जसंच्या तसं स्वीकारलं आहे.

हे दहावं कलम शिक्षणाचं. त्यात आठ मुद्दे आहेत. शिष्यवृत्त्या आहेत, पाठ्यपुस्तकांतून बायकांचं ठराविक चित्र काढून टाकणं आहे, शाळा सोडलेल्या मुलींसाठीचे वर्ग आहेत, खेळ आहेत. आणि या आठांतला पहिला मुद्दा सुरू कशाने होतो? व्यवसायविषयक मार्गदर्शनाने. मुलगे आणि मुली यांना करिअर व व्यवसायाचं मार्गदर्शन सारख्याच अटींवर मिळालं पाहिजे, गावात आणि शहरात, साध्या शिक्षणात आणि तांत्रिक शिक्षणात, असा त्याचा आशय आहे. शाळाप्रवेशाच्याही आधी हा उल्लेख येतो. मला वाटतं, तो तिथे योगायोगाने आलेला नाही. वर्गात बसायला मिळालं तरी 'तू इकडे जा, तू तिकडे जा' हे सांगणारा माणूस मुलीला एकीकडे आणि मुलाला दुसरीकडे धाडत असेल, तर वर्गाचं दार उघडून फारसं साधत नाही. हे त्या काळात जगभरच्या बायकांनी अनुभवलेलं होतं.

एक उदाहरण सांगते, अमेरिकेतलं. तिथे माणसाची आवड कोणत्या कामाकडे आहे हे शोधणारी एक फार प्रसिद्ध प्रश्नावली होती, स्ट्राँग नावाच्या मानसशास्त्रज्ञाची. पुरुषांची १९२७मध्ये निघाली, बायकांची १९३३मध्ये. पुरुषांचा कागद निळा आणि बायकांचा गुलाबी. नुसता रंग वेगळा असता तर एक वेळ चाललं असतं, पण कागदामागची व्यवसायांची यादीही वेगळी होती. गुलाबी कागद भरणाऱ्या मुलीची उत्तरं ज्या कामांशी ताडून पाहायची, त्या कामांत पुरुषांच्या यादीतली कितीतरी कामं नव्हतीच. म्हणजे ती कुठल्या कामाला लायक आहे हा प्रश्न तिने पेन्सिल हातात घेण्याआधीच अर्धा सुटलेला. शास्त्र म्हणून हे चाळीस वर्षं चाललं. तिथल्या स्त्री-चळवळीने आणि मार्गदर्शन क्षेत्रातल्याच बायकांनी आवाज उठवला, तेव्हा १९७४मध्ये दोन्ही कागद मिळून एक झाला. १९७२च्या शिक्षणातील समानतेच्या कायद्याखाली १९७५मध्ये जे नियम झाले, त्यांत सरकारी पैसा घेणाऱ्या शाळांना मुलामुलींसाठी वेगळी चाचणी वापरायला बंदी आली. कागदाचा रंग बदलायलाही कायदा लागला, हे लक्षात ठेवा.

आता दुसरा कागद. हा आपल्यापैकी फारच थोड्या जणींनी पाहिला असेल. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना, आयएलओ. तिने १९४९मध्येच व्यवसाय मार्गदर्शनावर स्वतंत्र शिफारस केली होती. १९७५मध्ये मनुष्यबळ विकासाचा १४२ क्रमांकाचा करार झाला. त्याच साली मेक्सिको शहरात पहिली जागतिक महिला परिषद भरली होती. या कराराला भारताने मान्यता दिली ती २००९मध्ये, म्हणजे चौतीस वर्षांनी. पण दिली.

या करारात काय आहे? मार्गदर्शन मुलांना, तरुणांना आणि प्रौढांनाही मिळालं पाहिजे. अपंग व्यक्तींना त्यांच्या गरजेप्रमाणे मिळालं पाहिजे. ते रोजगाराशी आणि सरकारी रोजगार सेवेशी जोडलेलं पाहिजे. आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की कामाची माहिती देताना त्याबरोबर कामगार कायद्याखालचे हक्क आणि जबाबदाऱ्या, सामूहिक करार यांचीही माहिती दिली पाहिजे. जोडीला जी शिफारस आहे तिच्यात मुली आणि बायकांसाठी वेगळा भाग आहे. पुरुषांना जितक्या कामांबद्दल सांगता तितक्याच कामांबद्दल बायकांना सांगा, आणि पालक, शिक्षक, मार्गदर्शक यांची ठराविक मतं बदलण्यासाठी प्रयत्न करा, असं त्यात म्हटलं आहे.

कायद्याची माहिती हा मार्गदर्शनाचा भाग आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या मार्गदर्शन मेळाव्यांतून पार गायब असते. मी असे मेळावे पुष्कळ पाहिले. मंडप, पाण्याच्या बाटल्या, खाजगी कॉलेजांचे स्टॉल. नर्सिंगच्या कोर्सची फी किती हे तिथे छापील मिळतं. पण कोर्स झाल्यावर लहान दवाखान्यात बारा तास ड्यूटी लावली तर काय करायचं, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो की नाही हे कसं बघायचं, प्रसूतीची २६ आठवड्यांची भरपगारी रजा कुणाला लागू होते, छळ झाला तर २०१३च्या कायद्याप्रमाणे अंतर्गत समितीकडे किंवा जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे कशी तक्रार करायची, यातलं एक अक्षर कुणी बोलत नाही. आता तर चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झाल्या आहेत. कारखान्यात रात्रपाळीला बायकांना बंदी घालणारी १९४८च्या कायद्यातली तरतूद गेली. बाईची संमती असेल आणि सुरक्षिततेची व्यवस्था असेल तर रात्री काम करता येतं. ही संमती कशी घ्यायची, नाही म्हटलं तर काय, हे तिला कोण सांगणार? कंपनीचा माणूस सांगेल, पण त्याच्या सोयीने. हे काम सरकारी मार्गदर्शनाचं आहे आणि तसं आपण २००९मध्ये मान्य केलेलं आहे.

मग आंतरराष्ट्रीय सहकार्य म्हणजे नुसते करारच का? नाही. त्याचा दुसरा प्रकार म्हणजे देशादेशांनी एकमेकांचं काम तपासणं. २००१ ते २००३च्या सुमारास श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेने चौदा देशांतल्या मार्गदर्शन सेवांची पाहणी केली. त्याच प्रश्नांवर जागतिक बँकेने आणखी सात देश पाहिले. चिली, फिलिपिन्स, दक्षिण आफ्रिका, तुर्कस्तान वगैरे. त्यात भारत नव्हता. युरोपीय संघानेही आपल्या देशांत हीच पाहणी केली, २००४ आणि २००८मध्ये मंत्र्यांच्या परिषदेने ठराव केले, आणि २००७ ते २०१५ या काळात फिनलंडमधल्या युवस्क्यूला विद्यापीठाच्या देखरेखीखाली तिथल्या देशांचं एक धोरणजाळं चाललं. त्याआधी १९९९पासून, कॅनडातल्या ओटावापासून सुरुवात करून, या विषयावर आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरू लागले. देशोदेशींची पथकं तिथे जातात, आपापल्या देशाचा अहवाल मांडतात.

या सगळ्या खटाटोपातून एक गोष्ट फार मोलाची निघाली. सगळ्यांनी मार्गदर्शनाची एकच व्याख्या मान्य केली. शिक्षण, प्रशिक्षण आणि काम यांच्या निवडीसाठी, कोणत्याही वयात आणि आयुष्याच्या कोणत्याही टप्प्यावर माणसाला मदत करणारी सेवा. 'कोणत्याही वयात' हे शब्द पुरुषांच्या दृष्टीने शोभेचे असतील. बायकांच्या दृष्टीने तेच सारं आहे. पुरुषाचं काम साधारणपणे एका सरळ रेषेत चालतं. बाईचं लग्नाने तुटतं, बाळंतपणाने तुटतं, सासू अंथरुणाला खिळली की तुटतं, नवऱ्याची बदली झाली की तुटतं. दहावीनंतर एकदा दिलेला सल्ला तिच्या पस्तिसाव्या वर्षी काय कामाचा? पाहणीत हेही दिसलं, की श्रीमंत देशांतही सेवा बहुतेक शाळेतल्या मुलांसाठी आणि नोंदलेल्या बेकारांसाठी होती. घरात बसलेली बाई यातल्या कुठल्याच रांगेत नसते.

परदेशातलं सगळं गोड असं मात्र समजू नका. इंग्लंडचं उदाहरण घ्या. तिथे तरुणांसाठी चांगली बांधलेली सेवा होती. २०११च्या शिक्षण कायद्यानंतर, २०१२पासून ही जबाबदारी शाळांवर टाकली, पण त्यासाठी वेगळा पैसा दिला नाही. अनेक ठिकाणची यंत्रणा एक-दोन वर्षांत विरली. आणि फिनलंड. तिथे सातवी ते नववीच्या अभ्यासक्रमात मार्गदर्शनाचे ७६ तास आहेत. प्रत्येक शाळेत शिकलेला मार्गदर्शक असतो. तरीही तिथे नर्स बहुतांश बाया आणि बांधकामावर बहुतांश पुरुष. नोकऱ्यांची बायका-पुरुषांत वाटणी तिथे आजही युरोपात ठळक दिसणाऱ्यांपैकी आहे. तेव्हा मार्गदर्शनाने सगळं बदलतं असं जो सांगेल त्याच्यावर विश्वास ठेवू नका. 'मुलींना नीट सल्ला द्या, प्रश्न सुटेल' असं म्हणणं सरकारला फार सोयीचं असतं. काम निर्माण करण्याची जबाबदारी त्यातून हळूच मुलीच्या डोक्यावर सरकते. तिने चुकीचं निवडलं म्हणून ती घरी बसली, असा अर्थ निघतो.

आपल्याकडे काय घडलं ते आता बघू. मुंबईला या विषयाचा इतिहास जुना आहे. १९४०च्या दशकात इथे खाजगी आणि पारशी पंचायतीची मार्गदर्शन केंद्रं होती, आणि १९५०मध्ये मुंबई सरकारने स्वतःचं व्यवसाय मार्गदर्शन केंद्र काढलं. त्याचीच पुढे राज्याची व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्था झाली. म्हणजे ही कल्पना बाहेरून कुणी आणून दिलेली नाही.

बाहेरून आली ती मदत. १९७७मध्ये केंद्र सरकारने महिलांसाठी वेगळा व्यवसाय प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला. त्याला स्वीडन सरकारच्या विकास संस्थेचा पैसा होता आणि तो आयएलओमार्फत आला. त्यातून दिल्लीजवळ नोएडाला राष्ट्रीय संस्था आणि मुंबई, बंगळूर अशा ठिकाणी प्रादेशिक संस्था उभ्या राहिल्या. यात इलेक्ट्रॉनिक्ससारखे विषय आले, हे चांगलं झालं. पण शिवण, भरतकाम, केशरचना, सेक्रेटरीची कामं यांचं वजनही तिथे मोठं राहिलं. वेगळी संस्था म्हणजे सुरक्षितता आणि वेगळी संस्था म्हणजे गुलाबी कागद, या दोन्ही गोष्टी एकाच इमारतीत नांदतात. माझं मत विचाराल तर ती इमारत हवी होती. तिच्यामुळे हजारो मुलींना घराबाहेर पाठवायला आईबाप तयार झाले. पण बाजूच्या सर्वसाधारण आयटीआयमध्ये फिटर आणि वायरमनच्या वर्गात मुलींसाठी ज्या ३० टक्के जागा राखीव असतात, त्यांची माहिती मुलीला कोण देतं, हा प्रश्न तिने सुटत नाही.

दहावीच्या मुलांसाठी २०१६पासून काही वर्षं राज्यात कल चाचणी झाली. मुलामुलींना एकच चाचणी, सात क्षेत्रं, त्यांत तांत्रिक आणि गणवेशधारी सेवासुद्धा. निळा-गुलाबी भेद इथे नव्हता, हे मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. मग २०२०मध्ये युनिसेफच्या मदतीने राज्याने नववी ते बारावीसाठी महाकरिअर पोर्टल काढलं. हेही आंतरराष्ट्रीय सहकार्यच. मराठीतून माहिती मिळू लागली, शिष्यवृत्त्या कळू लागल्या. पण २०२०चं ते साल आठवा. शाळा बंद, घरात एक मोबाईल, तो भावाच्या हातात.

आमच्या भागातल्या एका मुलीच्या कल चाचणीच्या कागदावर 'तांत्रिक' आलं होतं. वडिलांनी कागद रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला. मुलीला विचारलं तर म्हणाली, "मला वायरिंग आवडतं, घरातली मोटर मीच जोडते." आयटीआय बावीस किलोमीटरवर. सकाळची एसटी सात वाजता फाट्यावर, फाटा घरापासून तीन किलोमीटर. मुलींचं वसतिगृह नाही. आईचं म्हणणं, "अंधारात पोरीला फाट्यापर्यंत कोण सोडणार?" त्या वर्षी ती आईवडिलांबरोबर ऊसतोडीला गेली. कागद बरोबर होता, मुलगी हुशार होती, घरच्यांचा विरोधसुद्धा नव्हता. एसटी साडेसहाची आणि वस्तीवर येणारी हवी होती. धोरण म्हणजे काय ते मला त्या दिवशी जितकं कळलं तितकं कुठल्या अहवालाने कळलं नाही. मार्गदर्शन एका खात्याकडे, आयटीआय दुसऱ्याकडे, एसटी तिसऱ्याकडे, वसतिगृह चौथ्याकडे. युरोपच्या २००८च्या ठरावातला एक मुद्दा या सगळ्यांत समन्वय हवा असाच आहे. शब्द कोरडा आहे, पण त्याचा अर्थ आपल्याकडे साडेसहाची एसटी असा होतो.

आणि कधी अडचण उलटी असते. सल्ला देणारा मनापासून सांगतो, पण दार बंद असतं. २०२१पर्यंत एखाद्या मुलीने बारावीनंतर खडकवासल्याच्या एनडीएत जायचं म्हटलं, तर सर्वांत चांगल्या मार्गदर्शकालाही 'तिथे मुली घेत नाहीत' असंच सांगावं लागलं असतं, आणि ते खरं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१मध्ये परीक्षा खुली करायला लावली, २०२२मध्ये मुली दाखल झाल्या, मे २०२५मध्ये पहिल्या सतरा जणी तिथून बाहेर पडल्या. दार न्यायालयाने उघडलं. पण ते उघडलं आहे हे आपल्या वस्तीवर किती जणींना माहीत आहे? तशीच गोष्ट फीची. २०२४-२५पासून, वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तरी 'फी परवडत नाही' म्हणून प्रवेश न घेतलेल्या मुली मला भेटतात.

एक आकडा सांगते आणि मग कामाचं बोलू. देशातल्या पंधरा वर्षांवरच्या बायकांत काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांचं प्रमाण सरकारी पाहणीप्रमाणे २०१७-१८मध्ये २३.३ टक्के होतं, ते २०२३-२४मध्ये ४१.७ टक्के झालं. वाढ मोठी आहे. पण ती बहुतांशी खेड्यांत, आणि स्वतःच्या शेतात किंवा घरच्या धंद्यात, बरेचदा बिनपगारी मदतनीस म्हणून आहे. म्हणजे बायका कामावर आहेत, त्यांच्या हातात पगार नाही. या बायकांना मार्गदर्शन सेवा आपली मानत नाही, कारण त्या 'बेरोजगार' म्हणून कुठे नोंदलेल्याच नाहीत.

तर करायचं काय? जिल्ह्याच्या ठिकाणी रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे, ज्याला आपण अजून सेवायोजन कार्यालय म्हणतो. तिथे आपण नोंदणीच्या रांगेखेरीज कधी जात नाही. जायला हवं, आणि विचारायला हवं, गेल्या वर्षी किती बायकांना सल्ला दिला, त्यांतल्या तिशीच्या पुढच्या किती, कोणकोणत्या कामांबद्दल सांगितलं, कायद्याची माहिती दिली का, वस्तीवर कधी आलात का. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज. दुसरं, सीडॉ समितीपुढे सरकारचा अहवाल जातो तेव्हा स्त्री-संघटना आपला पर्यायी अहवाल पाठवू शकतात. आजवर या अहवालांत हिंसा, व्यक्तिगत कायदे, आरोग्य यांवर आपण खूप लिहिलं आणि ते लिहायलाच हवं होतं. दहाव्या कलमातल्या पहिल्या ओळीवरही एक परिच्छेद जावा, साडेसहाच्या एसटीसकट. समितीने २०१७मध्ये मुलींच्या शिक्षणाच्या हक्कावर सविस्तर शिफारस केली आहे. आपला परिच्छेद तिला जोडता येईल.

आणि सल्ला केंद्रावर येणाऱ्या बाईला शिवणयंत्राचं नाव सांगण्याआधी तिला काय येतं ते विचारायचं. एकीने मला सांगितलं होतं, "मला काहीच येत नाही." मग बोलता बोलता निघालं की बारा वर्षं ती अठरा माणसांच्या टोळीचा हिशेब तोंडी ठेवत होती, उचल किती, तोड किती, मुकादमाने कापले किती. काहीच येत नाही म्हणे!

दहाव्या कलमाचा आणि १४२ क्रमांकाच्या कराराचा मराठी गोषवारा मी हाताने लिहून आणला आहे. तीन पानं आहेत. चहाच्या सुट्टीत समोरच्या दुकानातून झेरॉक्स काढून घेऊ. सोमवारी जिल्ह्याच्या कार्यालयात कोण कोण येणार, त्यांनी आत्ताच या वहीत नावं लिहावीत. साडेदहाला दारात भेटू. ज्यांची एसटी उशिरा पोचते त्यांनी तसं नावापुढे लिहा, त्यांच्यासाठी थांबू.